अंधाऱ्या खोलीतला लेथ

१ जानेवारी १९३४
संकल्प. यंदा घरात वर्कशॉप.
ड्रॉइंग मास्तर म्हणून एकवीस वर्षं पोरांकडून नटबोल्टची चित्रं काढून घेतली. स्वतः एकही नट पिळलेला नाही. ही विसंगती संपवायची. वाचनालयातल्या विलायती मासिकात फोटो आहे: गृहस्थ घरच्या लेथवर लोखंडाचा तुकडा फिरवून कातत उभा आहे, तोंडात पाइप, शेजारी बायको कौतुकाने बघते आहे.
फोटो यशोदेला दाखवला. कौतुक दिसलं नाही. म्हणाली, लेथ राहू दे, आधी आडाचा रहाट बघा. कणा झिजलाय, दोर मध्येच अडकतो, रोजच्या पंचवीस घागरी ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली. चैत्रात आपली प्रभा बाळंतपणाला येतेय. तेव्हा पाणी कोण ओढणार, तुमचा साहेब?
मुद्दा रास्त आहे. म्हणून ठरवलं. नवा रहाट हेच वर्कशॉपचं पहिलं काम. मुदत, पाडवा. अडीच महिने म्हणजे भरपूर झाले.

३ जानेवारी
शेजारी रुद्रप्पा. गिरणीत तीस वर्षं फिटर होता, आता ओट्यावर बसून असतो आणि न विचारता बोलतो. कुंपणावरून म्हणाला, मास्तर, रहाट अर्ध्या तासाचं काम हाय की. सांगा, करून टाकतो.
नम्रपणे नाही म्हटलं. घरात वर्कशॉप असताना काम बाहेर द्यायचं नाही, हे तत्त्व.
वर्कशॉप अजून नाही. पण तत्त्व आधी असावं लागतं.

७ जानेवारी, रविवार
जागेचा विचार. ओटा: धूळ. माळा: पाय घसरतो. माजघर: यशोदा. शेवटी देवघरामागची अंधारी खोली नक्की केली. कोरडी, वारा नाही, दार लागतं, कोणी येत-जात नाही.
यशोदा म्हणाली, अहो, ती बाळंतिणीची खोली. प्रभा तिथेच झाली. तुम्हीसुद्धा तिथेच.
मी म्हटलं, तोवर रहाट होऊन वर्कशॉप दुसरीकडे हलवू. ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे संमती, असं मी धरतो. लग्नापासून धरत आलो आहे.

१० जानेवारी
पाटी रंगवली: ‘चिंतामणी वर्कशॉप, खाजगी.’ छाया दिलेली अक्षरं. दोन दिवस गेले, पण काम पक्कं झालं.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घ्यायला आलेल्या सर्वांना पाटी दाखवली. आत काय आहे, असं तिघांनी विचारलं. तिघेही गिरणीतले कारकून. दृष्टी नाही.

२१ जानेवारी, रविवार
लेथ आला! एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या लिलावातला. पायाने चालवायचा. खाली बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, मोठं चाक, कडेला दोर बसेल अशी खोबण. बैलगाडीतून उतरवायला सहा माणसं लागली. दारातून जाईना, म्हणून चौकट काढली. भिंतीचा थोडा भाग आपण होऊनच पडला.
रुद्रप्पाने चाकावरून हात फिरवला. म्हणाला, बीड लई ब्येस हाय. हे चाक उचलून आडावर टांगा, तुमचा रहाट आत्ताच झाला की.
मला राग आला. लेथचं चाक आडावर! सतार मोडून चूल पेटवण्यातला प्रकार. तीस वर्षं यंत्रात काढून माणसाला यंत्राबद्दल आदर नसावा, याचं नवल वाटतं.
जाता जाता म्हणाला, आणि मास्तर, जॉब धरायचा चक कुटं हाय? चकाबिगर लोखंड फिरंल कसं?
त्याला म्हटलं, येईल.
मासिकात पाहिलं. चक हवा. आमच्या लेथला नाही. लिलावात बहुधा वेगळा गेला. हरकत नाही. धरणं ही पुढची पायरी.

२८ जानेवारी, रविवार
मासिक म्हणतं, लेथ हलता कामा नये. चारही पाय सिमेंटमध्ये पुरले. स्वतः. हात भाजले, पण आता भूकंप झाला तरी हलणार नाही.
चौकट बसवली, भिंत लिंपली.
यशोदा दारात उभी राहून म्हणाली, हलवायचंय ना हे चैत्रात?
 म्हटलं, सिमेंट तात्पुरतं आहे.

११ फेब्रुवारी, रविवार
सिस्टिम. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती रंगवायची आणि हत्यार तिथेच टांगायचं. बघताक्षणी काय हरवलं ते कळतं. आजवर एकवीस आकृत्या. पाना, कानस, पक्कड, तिकोनी कानस, अर्धगोल कानस, तीन प्रकारच्या करवती. रेषा अशी की हात लावून बघावं. बाविसावी हातोडी अर्धी झाली आणि रंग संपला.
प्रत्यक्ष हत्यारं पाच. त्यातला पाना कालपासून सापडत नाही. पण हरवला आहे हे ताबडतोब कळलं. सिस्टिमचा हाच तर फायदा.

१८ फेब्रुवारी
लेथ फिरवायचा योग. चाकावरचा चामड्याचा पट्टा बसवतच होतो तेवढ्यात यशोदा सोवळ्यात देवघरातून बाहेर आली. भिंतीपलीकडे देव, आणि अलीकडे जनावराचं कातडं? मला म्हणाली, ते चामडं बाहेर जाईल नाहीतर नैवेद्य बाहेर जाईल.
माझा नैवेद्याशी संबंध दुपारच्या जेवणापुरताच आहे, पण तो घट्ट आहे. पट्टा रुद्रप्पाला दिला. त्याने तोच कमरेला बांधून दाखवला.
आता पर्याय? सुती, गोल, मजबूत, आणि सोवळ्याला चालेल असा. विचार करकरून आडापाशी गेलो. आडाचा नवा दोर! जाडी तंतोतंत चाकाच्या खोबणीची. जणू त्यासाठीच वळलेला. पाहिजे तेवढा कापून घेतला.
लेथ फिरला. दहा मिनिटं नुसता फिरवला. लोखंड धरता येत नाही, त्यामुळे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पण फिरणं अत्यंत गुळगुळीत.

२० फेब्रुवारी
यशोदेची तक्रार: घागर पाण्याला दोन हात कमी पडते.
याला कारण गेल्या साली झालेला अपुरा पाऊस. दोर कापला तेव्हा पाणी वरच असणार. मी तपासलं नव्हतं, पण असणार.
उपाय सुचवला: घागर खाली पोचेल इतकं वाकावं. ती बोलली नाही. या वेळी संमती धरवली नाही.

२६ फेब्रुवारी
यशोदा रुद्रप्पाच्या आडावरून पाणी आणते. त्याची बायको शिवबाई घागर एका बाजूने धरू लागते. कुंपणातून ऐकू आलं. शिवबाई म्हणाली, मास्तर खोलीत काय करत्यात ओ? यशोदा म्हणाली, फिरवतात. काय फिरवत्यात? ते अजून ठरलं नाही.
बायका खूप वेळ हसल्या. बाहेर जायला अवघड झालं. खोलीत बसून पाचही हत्यारं पुसली. म्हणजे चार.

१६ मार्च, पाडवा
मुदत संपली. अर्थात पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून काम ‘सुरू’ करायचा दिवस असतो, संपवायचा नव्हे. त्यामुळे आज सुरू. उत्तम कागद घेतला. मथळा लिहिला: ‘रहाट, आराखडा. काम सुरू, पाडवा.’ खाली दुहेरी रेघ.
मग शाळेत गुढीपूजनाला जावं लागलं.

२० मार्च
प्रभा आली. जेऊरहून गाडीने, दीर सोबत. जावई तिथे स्टेशनात तारबाबू, रजा मिळाली नाही. चेहरा उतरला आहे, पाय सुजलेत. पाणी मागितलं. यशोदा घागर घेऊन रुद्रप्पाकडे निघाली, तशी प्रभा विचारते, आई, आपला आड आटला का?
नाही, म्हणाली ती. आटला नाही. नानांनी कापला.
प्रभाने अंधाऱ्या खोलीत डोकावलं.  मला वाटलं, आता रडते. म्हणाली, नाना, मी कुठे निजू?
दोन दिवसांत मोकळी करतो, म्हटलं. खरोखर करणार आहे.

२२ मार्च
छिन्नीने सिमेंट फोडायला घेतलं. छिन्नी मोडली. सिमेंटला ओरखडा. स्वतःचं काम इतकं मजबूत असावं, याचा अभिमान वाटावा की काय, हे आज ठरवता आलं नाही.
सुईण बजाबाई बघून गेली. म्हणाली, पोरीला खालच्या अंगाला दुखतंय, दिवस लांबनार न्हाईत. पाण्याची बगा आदी. बाळंतपणाला पाणी मोजून चालत न्हाय.

२५ मार्च, रविवार
यशोदा आज रुद्रप्पाच्या आडावरून परत येताना पायरीवर बसली. घागर पालथी. पाणी अंगणभर. रडली नाही. नुसती बसली. मी जवळ गेलो, तर म्हणाली, माझा खांदा गेला तर जाऊ दे हो. प्रभाची वेळ आली आणि घरात पाणी नसलं, तर मी काय करू?
 रिकामी घागर उचलून आत ठेवली.
रुद्रप्पाला सांगावं का, असा विचार आला. तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या बघू.

२ एप्रिल, सकाळ
प्रभाला पहाटे कळा सुरू. काही आठवडे आधीच. बजाबाई आली, घरभर फिरली, अंधारी खोली पाहिली. म्हणाली, हितंच. वारा न्हाय, उजेड न्हाय. ह्याच्यापरीस चांगली जागा कुटं गावायची? मी म्हटलं, पण तो लेथ? ती म्हणाली, उभा ऱ्हाऊ दे. त्यो काय बगतोय?
बाज लेथला लावून घातली.
मग म्हणाली, पाणी. लई पाणी. चुलीवर हांडा चढवा.

त्याच दिवशी, दुपार
लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मला वेगळंच आठवेल.
रुद्रप्पाच्या आडावर घागर गाळ आणू लागली. शिवबाई तिथूनच ओरडली. प्रभा आतून ओरडत होती. यशोदा माझ्यासमोर उभी राहिली.  मी कुंपणापाशी गेलो आणि हाक मारली: रुद्रप्पा.
कुंपणाला वळसा न घालता वरूनच आला, साठीचा माणूस. म्हणाला, पाना द्या.
भिंतीवर पान्याची आकृती होती. अतिशय सुंदर. पाना नव्हता.
यशोदेने लोणच्याच्या बरणीत हात घातला. फोडींवर दडपण म्हणून दीड महिना पाना होता. तेल लागून चकचकीत. गंज नाही. रुद्रप्पा म्हणाला, वैनींनी ठेवला तसं कुनी ठेवत न्हाय.
बायकांनी प्रभाच्या बाजेला लुगड्याचा आडोसा धरला आणि आम्ही दोघांनी चाक सोडवलं. दोर चाकावर होताच. गाठ सोडून उरलेल्या दोराला जोडला. चाक दोन खांबांत बसवलं. रुद्रप्पाने घागर सोडली. पाण्याचा आवाज आला.
रुद्रप्पाने अर्धा तास म्हटलं होतं. घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं.
मी पन्नास घागरी ओढल्या. दोर बोटभरसुद्धा अडकला नाही.

संध्याकाळ
मुलगी झाली. दोघी बऱ्या. यशोदा आडावर आली, एका हाताने घागर वर घेतली आणि म्हणाली, इतकं हलकं चालतं, तर हे आधी का नाही बसवलं?
मी म्हटलं, मूळ योजना तीच होती.
तिने माझ्याकडे पाहिलं. थकलेली होती, म्हणून सोडून दिलं.

७ एप्रिल
काल पाचवी. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड लागतं, विळा नाहीतर सुरी. बजाबाई म्हणाली, हितं लोकंड शोधायचं न्हाय. आख्ख्या सोलापुरात येवढं लोकंड कुटल्या बाळंतिणीच्या उशाला नसंल. लेथला हळदकुंकू लागलं. वर दुपटी वाळत घातली आहेत. सिमेंटमुळे यत्किंचितही हलत नाही.
सटवाईला बाळाचं नशीब लिहायला कोरा कागद हवा. यशोदेने माझा आराखडा ठेवला. मी म्हटलं, तो कोरा नाही, मथळा आहे. ती म्हणाली, सटवाई दुहेरी रेघेखाली लिहील.
सकाळी विचारलं. खाली अजून काही नाही.

१० एप्रिल
बजाबाईचा हुकूम: सव्वा महिना त्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. म्हणजे वर्कशॉप बंद. इच्छा असूनही.
सव्वा महिना सरला की चक शोधायचा. चाकाच्या जागी दुसरं चाक. मग रहाट... रहाट आहे.
प्रभाने आईबरोबर निरोप पाठवला. दिवसभर पडून भिंतच बघायची असते, म्हणते. नानांनी चित्रं फार छान काढली आहेत. बाळ रडायला लागलं की त्यांच्याकडे वळवलं, की गप्प होतं. फक्त हातोडी अर्धी आहे, तेवढी पुरी करा.
रंग आणला. डबी ओट्यावर ठेवली आहे. अजून तीस दिवस.