टाकीतली खुशाली

प्रिय ठमे,

हे पत्र मी कागदावर लिहितेय, पण तुला ते कागदावर मिळणार नाही. तुझ्या खोलीत बाहेरचा कागद चालत नाही म्हणे. फूल चालत नाही, फळ चालत नाही आणि आईही चालत नाही, कारण आत एकाच माणसाला सोडतात आणि तो मान बाबांनी आधीच पटकावलाय. त्यात मला ऐन वेळी सर्दी झाली. तेव्हा या पानांचे फोटो काढून पाठवते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तुला डोळे ताणायला लागू नयेत. फोनवर बोलले असते गं, पण तोंडातल्या फोडांमुळे तुला बोलवत नाही. तू नुसतं ‘हं’ करतेस, आणि त्या एका ‘हं’चे अर्थ लावत मी दिवसभर बसते. हा ‘हं’ बरा होता का? कालच्यापेक्षा बारीक होता का? बाबांना विचारलं तर म्हणतात, “अगं, हं म्हणजे हं.”

आणि लिहितेस तेव्हा पहिला शब्द काय लिहितेस, तर ‘मासे?’ आई कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. तर आधी मासेच सांगते. सविस्तर सांगते, कारण फोनवर मी ‘सगळे मजेत’ म्हणत आले, आणि ते अगदी खरं नव्हतं.

तुला आठवतं ना, सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला आणि दुपारपर्यंत आपण तुझी बॅग भरत होतो. गाडीत बसता बसता लोकांच्या मुली आईला काय काय सांगतात. तू सांगितलंस, “आई, डब्यातल्या ठिपकीला घाईने सोडू नकोस. हवालदार तिला मारेल.” मी मान हलवली. खरं सांगू, त्या क्षणी मला ठिपकी कोण आणि हवालदार कोण, काही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आपल्या बाहेरच्या खोलीत घुरघुरतेय, आणि माझं लक्ष फक्त भिंतीवरच्या मिठाच्या पांढऱ्या डागांकडे. तू ‘रॅस, रॅस’ करायचीस तेव्हा मला वाटायचं, रंगीत मासे, त्यात काय एवढं. हे सगळे एकाच कुळातले असतात आणि म्हणूनच एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे मला तुझ्या माघारी कळलं. तशी एका कुळातली भांडणं मला नवी नाहीत म्हणा.

आता मात्र मी सगळ्यांना ओळखते. हवालदार अंगठ्याएवढा, जांभळ्या-नारिंगी पट्ट्यांचा. दिवसभर या खडकापासून त्या खडकापर्यंत गस्त घालतो आणि कोणी नुसतं वळून बघितलं तरी अंगावर जातो. नवरदेव लाल. पंख उभारून मिरवायला लागला की मी हातातलं काम टाकून बघत उभी राहते. त्याच्या मागे त्या दोन करवल्या. लिंबू पिवळाधमक, दिवा मावळला की वाळूत शिरून झोपणारा. आणि बाजूला लटकवलेल्या भोकाभोकांच्या डब्यात, तू वाळूची वाटी ठेवून दिली होतीस तिच्यात निम्मी रुतून बसलेली नवी ठिपकी. डब्यात असेपर्यंत सगळ्यांनी तिला बघावं, ती अंगवळणी पडावी, मग सोडावं, ही तुझी योजना. मी धीर धरला. हवालदार डब्याला धडका मारायचा थांबला असं वाटलं तेव्हा झाकण उघडलं.

थांबला बिंबला काही नव्हता. ठिपकी बाहेर आली आणि हा सुटला की तिच्या मागे. तिची शेपटी त्याने माझ्या डोळ्यांदेखत कुरतडली. मी ओरडत बाहीसकट हात पाण्यात घातला. माशांवर ओरडून काही होत नाही हे त्या वेळी सुचलं नाही. तिला कशीबशी जाळीत धरून पुन्हा डब्यात घातली. मासेवाल्या दुकानदाराला फोन केला तर तो हसून म्हणाला, “काकू, चुकीच्या माणसाला तुरुंगात ठेवलंयत तुम्ही. तिला सोडा आणि त्याला डब्यात घाला.” वर्गात दंगा करणाऱ्याला बाहेर काढायचं की मार खाणाऱ्याला, हे मला शाळेत इतकी वर्षं शिकवून कळायला हवं होतं. आख्खी दुपार हवालदाराच्या मागे जाळी घेऊन फिरले. शेवटी खाण्याच्या मोहाने सापडला. डब्यातून माझ्याकडे जे बघत होता ना, ठमे, साक्षात तुझी आत्या.

पण ठिपकी टाकीत सुटली आणि तडक वाळूत घुसली. गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. शाळेतून आले की चप्पल पायात तशीच, आधी काचेशी गुडघ्यांवर. वाळू हलली का? ते डोळ्यांसारखं काही दिसतंय का? एकदा लांब दांड्याचा डाव हातात घेऊन उभी राहिले, की हळूच उकरून बघावं. बाबांना फोनवर विचारलं, त्यांनी तुला विचारलं, आणि तू मोबाइलवर लिहिलंस, ‘उकरू नको. घाबरलेली असली की ती आतच राहते. उकरलंस तर खरंच मरेल.’ मी डाव धुऊन ठेवला.

हे ज्या दिवसांत चाललं होतं तेच तुझे वाईट दिवस. हाडांतली जुनी मज्जा औषधांनी मारून टाकली, दुसऱ्या कोणाच्या पेशी तुझ्या अंगात सोडल्या, आणि आता त्या हाडांत जाऊन रुजतात का ते बघायचं. डॉक्टरीणबाई रोज एकच सांगायच्या, “अजून काही दिसत नाही. हे अपेक्षित आहे. थांबायचं.” तिकडे थांबायचं, इकडे थांबायचं. आणि मी, मुलांना उठता बसता ‘पुरावा काय’ विचारणारी गणिताची बाई, मनातल्या मनात एक सौदा करून बसले. टाकीतला एकही जीव जाता कामा नये. एकही गेला नाही, तर माझी ठमी घरी येईल. कोणाला सांगितलं नाही. बाबांनाही नाही, ते हसले नसते, पण त्यांनीही तेच मोजायला सुरुवात केली असती.

त्यानंतर मला झोप कसली येतेय. पाण्याचा खारटपणा मोजायची पट्टी सारखी बघायची, पंपाच्या मोटरचा आवाज बदलला की उठून टाकीशी जायचं. एकदा सकाळी नवरदेव खडकाच्या कपारीत पातळशा बुडबुड्यासारख्या आवरणात गुंडाळलेला दिसला. मी धरूनच चालले की बुरशी लागली. बाबांकडून कळलं की हे झोपताना स्वतःभोवती असलं पांघरूण विणतात. मला आधी सांगायला काय झालं होतं गं?

आणि मग तो रविवार. बाबा अंघोळीला आणि कपडे न्यायला घरी आले होते, तेवढा वेळ तुझ्याजवळ आत्या होती. बाबांनी माशांना खायला घालायला टाकीवर झाकलेली जाळी सरकवली आणि तेवढ्यात तुझ्या वॉर्डमधून फोन आला. रक्त चढवायचंय, सही हवी. ते तसेच निघाले. मी स्वयंपाकघरात. बाहेर येऊन बघते तर टाकीत नवरदेव नाही. करवल्या सैरावैरा. सोफा ओढला, पायपुसणं झटकलं, आणि भिंतीच्या कडेला तो लाल तुकडा पडलेला. धूळ चिकटलेली. मी खाली बसले. हात लावायचा धीर होईना, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो मासा नव्हताच, ठमे. तेवढ्यात त्याचा कल्ला हलला. हात नळाखाली ओले करून मी त्याला उचललं आणि पाण्यात सोडलं. तो आडवा झाला. मी पाण्यात हात घालून त्याला सरळ धरून बसले, पंपाच्या धारेसमोर. “अरे श्वास घे, मेल्या, श्वास घे.” शेजारच्या काकू दार उघडं बघून आत आल्या, मला तसं बघितलं आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवून गेल्या. केव्हातरी माझ्या बोटांतून तो स्वतःच निसटला. एका पंखाला चीर आहे अजून, पण मिरवायचं काही सोडलेलं नाही.

बाबांना मी काही बोलले नाही. त्यांनी स्वतःच विचारलं, “जाळी लावली होती ना मी?” मी म्हटलं, लावली होती. एवढं खोटं मला परवडतं.

ठिपकी बाहेर आली ती अगदी साध्यासुध्या वेळी, मी वह्या तपासत असताना. मान वर केली तर बाई खडकाशी, जणू कुठे गेलीच नव्हती. शेपटी भरून आलेली. मी टाळ्या वाजवल्या. मग काही दिवसांनी हवालदारालाही सोडलं. तोवर सगळ्यांनी आपापल्या जागा धरल्या होत्या. उशिरा येऊन दादागिरी करायला त्याला कोणी जागाच ठेवली नव्हती. फणफणतो अजून, पण चावत नाही.

आता जे सांगितलं नव्हतं ते. धाकटी करवली गेली. का, ते कळलं नाही. अंगावर काही खूण नाही, सकाळी खाली पडलेली. मी शाळेत गेले नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि फोनकडे बघत राहिले, कारण माझा सौदा मोडला होता आणि आता फोन येणार होता. आलाच. बाबा रडत होते. मग ते म्हणाले, “पेशी दिसायला लागल्या. आल्या गं. डॉक्टरीणबाई स्वतः सांगून गेल्या.” मी जमिनीवर बसून हसले की रडले कोण जाणे. आयुष्यात कितीतरी गणितं चुकली, पण चुकल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. करवलीला मी कुंडीत पुरलं आणि तिची माफी मागितली, तिच्या गळ्यात नसतं ओझं अडकवल्याबद्दल.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं होतं. सगळं असंच राहिलं तर तुला लवकरच घरी सोडतील. पण घरात टाकी नको म्हणाल्या. त्या पाण्यातलं आपल्याला न बाधणारं काहीबाही तुला बाधेल, आणि ते बराच काळ. वर्षभर धरून चाला म्हणाल्या. तुझी काळजी घेणाऱ्या हातांनीही ते पाणी टाळावं, म्हणजे मीही नाही. दुकानदार म्हणाला, रंगीत तेवढे नेतो, वेगवेगळे ठेवावे लागतील. मी नाही म्हटलं. एकत्र नांदायला शिकवताना माझा जीव गेलाय. शेवटी आत्याने तिच्या बाहेरच्या खोलीतलं कपाट हलवलं. माशांना हात लावायच्या कल्पनेने तिला शहारे येतात, तरी म्हणाली, “आणा सगळी वरात, शिकेन मी.” तिला फोनवरून तूच शिकवायचंस, मला वन्संना शिकवणं जमणार नाही. बाबांचं म्हणणं होतं की आत्ता काही सांगू नये, घरी आली की बघेल. मला ते पटलं नाही. तू हो म्हणालीस तरी टाकी जाणार आणि नाही म्हणालीस तरी जाणार, तेव्हा ही परवानगी नाही मागत मी. तू चिड, रड, दोन दिवस माझ्याशी ‘हं’सुद्धा करू नकोस. फक्त दारातून आत येशील तेव्हा तो रिकामा कोपरा पहिल्यांदा दिसू नये, आधी एकदा मनात बघून झालेला असावा, एवढ्यासाठी लिहिलं. तिथे तुझी खाट लावतेय. ऊन त्याच कोपऱ्यात सगळ्यात जास्त वेळ असतं.

तुझीच,
आई