दुसऱ्या कार्डाची रिकामी चौकट

लातूर,
गुरुवार, जेवणानंतर

प्रिय पंचाक्षरी,

टक्, टकटक्, टक्. ज्ञानोबा मास्तरांची अंगठी टेबलाच्या कडेवर वाजायची ती आठवते का? देवणीच्या शाळेत चौथीची आपण पंचेचाळीस पोरं मांडी घालून बसलेलो, आणि मास्तर त्या ठेक्यावर स्वतः केलेली रहाटाची कविता शिकवायचे. आज सकाळपासून तोच ठेका कानात आहे, म्हणून आधी तो लिहिला, हालहवाल मागून विचारतोय. राग मानू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर? ती काळ्या तोंडाची वानेरी गाय व्याली का, आणि कालवड झाली असेल तर नाव काय ठेवलंस? (मागच्या गोऱ्ह्याचं नाव तू 'व्याकरण' ठेवलं होतंस, कारण तो कुणाला जवळ येऊ देत नव्हता. मी हे विसरलेलो नाही.) इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे. तारामती माझ्याशी बोलत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

तुला ठाऊकच आहे, शाळेत पाठ केलेल्या कविता मी मूळ चालीत म्हणून संगणकात साठवतोय. तीनशे बारा झाल्या. रहाटाची मात्र अर्धीच आहे. ती कुठल्या पुस्तकात नव्हती. मास्तर फळ्यावर लिहायचे आणि तास संपला की पुसून टाकायचे. पहिलं कडवं मला येतं. दुसरं आता जगात एकाच माणसाला येतं, आणि ते माणूस म्हणजे आपल्या आधी मास्तरांकडेच शिकलेली तुझी धर्माबादची थोरली बहीण, पार्वतम्मा. येत्या सोमवारी तिचे उरलेले अकराच्या अकरा दात काढायचे आहेत. "दात गेल्यावर मी गाणार न्हाई, शब्द वाऱ्यावर जातेत," असं तिनं मला बजावून सांगितलंय. नुसत्या फोनवरही ती गात नाही, ऐकणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे म्हणते. (तुझा माझा फोन बटणांचा, त्यात तोंड कुठून दिसणार. आणि मी धर्माबादला जावं तर कमरेला पट्टा, डॉक्टरनी बस बंद केलेली.) म्हणून अशी तजवीज केली की रोज चार वाजता तिनं सुनेच्या, म्हणजे पुनमच्या, फोनपुढे बसायचं आणि मी माझ्या संगणकापुढे. सोमवारपासून आज चौथा दिवस. अजून आम्ही एकमेकांना दिसलेलो नाही.

तर आता संगणकाकडे येतो. माझ्या संगणकात दोन नेटवर्क कार्डं आहेत. कार्ड म्हणजे वायर खुपसायची खिडकी, एवढं समजलास तरी पुरे. पहिल्या खिडकीतली वायर भिंतीवरच्या राउटरला जाते, तिथून इंटरनेट, म्हणजे सगळं जग. दुसरं कार्ड आलोकनं (आमचा मुलगा, नांदेडला बँकेत आहे) गेल्या दिवाळीला बसवलं. त्याची वायर मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकाला जाते, कारण माझ्या कविता तिथे साठवलेल्या आहेत. एक वायर जगाकडे, एक आठवणींकडे. ही रचना मला इतकी भावली की मी तिच्यावर चार ओळीही केल्या होत्या. तारामती तेव्हा बोलत होती, पण तेव्हाही तिनं त्या ऐकल्या नाहीत.

रविवारी ऊन पडद्यावर येतं म्हणून टेबल आत सरकवलं. त्यात वायरींची अदलाबदल झाली, ती सोमवारी माझी मीच ओळखून सुधारली (याचं श्रेय या घरात कुणी देत नाही), पण खटपटीत कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि दुसऱ्या कार्डाचे आकडे पुसले गेले. मग आलोकला फोन लावला. त्यानं पायरीपायरीनं एक तक्ता उघडायला लावला, कार्डाचा पत्ता आणि त्याखालचा मास्क असे दोन आकडे सांगितले, खालच्या चौकटीत काही भरू नका म्हणाला आणि मीटिंगला गेला.

खालच्या चौकटीवर लिहिलं होतं 'गेटवे', आणि ती कोरी होती. पंचा, मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न मी किती हजार पोरांचा तपासला असेन. चुकलेल्या उत्तरावर मी कधी रागावलो नाही, जागा कोरी सोडणाऱ्याला मात्र बाकावर उभं केलं. अशा माणसानं म्हातारपणी आपल्याच घरात चौकट कोरी सोडून उठावं? गेटवे म्हणजे वेस, एवढं मला कळतं. मग दुसऱ्या वायरीची वेस कुठली? मागच्या खोलीतला जुना संगणक. त्याचा पत्ता मी नीट वाचून भरला. संगणकानं दोन ओळी इंग्रजीत कुरकुर केली, मी 'हो' दाबलं.

दोन्ही कार्डांचे हिरवे दिवे लुकलुकत राहिले आणि इंटरनेट गेलं. मंगळवारी झाडताना तारामतीच्या झाडूनं मागच्या खोलीची वायर निघाली, आणि अचानक पडद्यावर बातम्या सुरू झाल्या. मी धावत जाऊन आधी निघालेली वायर पक्की बसवली. बातम्या गेल्या. "म्या काढली तवा चालू झालं, तुम्ही लावली की बंद पडलं," एवढंच ती म्हणाली. मी तिला योगायोग म्हणजे काय हे उदाहरणं देऊन समजावलं. पाऊण तास समजावलं. तेव्हापासून आमच्या घरी शांतता आहे.

काल आलोकनं खुलासा केला. संगणकाला बाहेर जायची वेस एकच सांगायची असते. दोन सांगितल्या तर तो वेगवान वाटेनं निघतो, आणि आमच्याकडे वेगवान वाट मागच्या खोलीची आहे, जिला मागचं दार नाही. म्हणजे मी धर्माबादला मारलेली प्रत्येक हाक तीन दिवस त्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी जाऊन बसली. "बाबा, ती चौकट रिकामी ठेवा, दुसरं काही करू नका," असं तो चारदा म्हणाला. मी त्याला सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, विचार करतो. सारांश, बिघाड पूर्ण सापडलेला आहे आणि माझ्या मते तो माझ्या बाजूचा नाही. सगळं आटोक्यात आहे, तू निर्धास्त राहा.

तुझा,
अनंता

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. पार्वतम्माला सांगून ते दात आठ दिवस पुढे ढकल. मला अजून आठवडाभर विचार लागेल. तू धाकटा, तुझं ती ऐकते. मी फोन केला तर आधी तीन दिवसांचा हिशेब मागेल. शेजारचे साहेबराव उद्या पहाटेच्या गाडीनं देवणीला येताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो.

ता. क. दुसरा. साडेतीन वाजलेत. रहाटाचं पहिलं कडवं म्हणून पाहिलं आणि ते संपलं तिथे नुसताच थांबलो. ही जागा तर माझ्याच्यानं भरली जात नाही. तेव्हा जाऊन तक्त्यातली ती चौकट कोरी केली. हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. तारामती मागे उभी राहून बघत होती. दोन मिनिटांत इंटरनेट आलं. वरची विनंती रद्द समज. (आलोकला कळवू नकोस, मी योग्य वेळी सांगेन.)

ता. क. तिसरा. चार वाजता इस्त्रीचा सदरा घालून बसलो. धर्माबाद लागलं, पण पडद्यावर एकटी पुनम, तोंड उतरलेलं. म्हणाली, "मामा, आत्याबाई सकाळी सातलाच निघून गेल्या. कुठं ते सांगितलं न्हाई. तुमच्या कानावर काही हाय का?" दिवसभरात फोन तरी आला का, असं तिला विचारत होतो, तेवढ्यात दारावर थाप पडली, तारामतीनं दार उघडलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला हाक मारली, "अहो, इकडं या आधी."

दारात तुझी बहीण उभी आहे. एकटी, दोन बस बदलून, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, "तीन दिस नवं लुगडं नेसून त्या फोनफुडं बसले मी. काय करून राहिलास रे अनंता? लिहून घे आता." चप्पल पायातच आहे आणि दुसरं कडवं सुरूही झालंय. जवळ कागद एवढाच आहे, पंचा. याच्याच पाठीमागे उतरवून घेतो, म्हणजे हे पत्र आता तुला मिळायचं नाही.