दोन फेऱ्यांची थाळी

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. तुला आयुष्यात कुणी प्रिय म्हटलं असेल असं वाटत नाही. "देवू, दोन भात" किंवा "देवू, चार नंबरला पाणी बघ", तुला मारलेल्या हाका अशाच असायच्या.

भातकापणीच्या दिवसांत तू गेलास, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. एवढ्या दिवसांत तुला लिहायला बसावं असं कधी सुचलं नाही. मग आजच का? कारण काल, शनिवारी, मी वर्गात खोटं बोलले. तुझ्याबद्दल बोलले. आणि ते काही पहिल्यांदा नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी सध्या क्वांटम मेकॅनिक्सची तोंडओळख करून देतेय. मुलं तलासरीहून येतात, आपल्या कैनाडहून येतात, दोघं-तिघं धाकट्या डहाणूची आहेत. इंग्रजी पुस्तक उघडतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून मी त्यांना मराठीतून नोट्स काढून देते. कालचा पाठ होता स्पिनचा. स्पिन हा इलेक्ट्रॉनच्या अंगचाच एक गुण. नाव तसं असलं तरी तो बिचारा भोवऱ्यासारखा गरगरत नसतो, हे मी आधीच बजावून ठेवते, कारण दरवर्षी निम्मा वर्ग पेपरात भोवराच काढून येतो.

तुला चौथीपर्यंतचं गणित येत होतं, पण गिऱ्हाइकाला किती पोळ्या झाल्या ते तू कधी विसरला नाहीस. तेव्हा हेही तुला कळेल. इलेक्ट्रॉनच्या स्पिनची अवस्था आम्ही दोन आकड्यांत लिहितो, एकाखाली एक. त्याला फिरवायचं, तर त्या दोन आकड्यांना चार आकड्यांच्या एका चौकटीने गुणायचं. तिला मॅट्रिक्स म्हणतात. गंमत अशी की बाहेर जेवढा कोन फिरवाल त्याच्या अर्धाच कोन त्या चौकटीत जाऊन बसतो. बाहेर पूर्ण फेरी, तीनशे साठ अंश, तर आत फक्त एकशे ऐंशी. आणि एकशे ऐंशीचं कोसाइन उणे एक. म्हणजे पूर्ण गोल फिरवून जागेवर आणला तरी इलेक्ट्रॉन पहिल्यासारखा होत नाही, त्याच्या आकड्यांना उणे चिन्ह लागतं. अजून एक फेरी मारली की ते जातं. दोन फेऱ्या मारल्या तर कुठे तो होता तसा.

हे मी फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गोल फिरून परत जाग्यावर आला तर तो तसाच असणार ना? उणे आला कुठून?"

"गणितात तसं येतं म्हणून," हे अगदी माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं, कॅन्टीनमधून एक स्टीलची ताटली मागवली, तिच्यात काठोकाठ पाणी ओतलं आणि उजव्या तळहातावर ठेवली.

तुझ्या लक्षात आलं असेलच मी काय केलं ते.

स्टेशनसमोरच्या त्या खाणावळीत स्वयंपाकघरातून बाहेर यायचं दार इतकं अरुंद होतं, की समोरून खरकटी ताटं घेऊन कुणी आलं तर भरली थाळी पुढे न्यायची सोयच नसायची. तेव्हा तू थाळी तळहातावरच आतल्या बाजूला वळवायचास, बगलेखालून मागे न्यायचास आणि कोपर वर करून पुढे काढायचास. थाळीची एक फेरी पुरी, वरणाचा थेंब सांडलेला नाही. पण हात असा काही पिळलेला असायचा, की बघणाऱ्याच्याच खांद्यात कळ यावी. मग थाळी त्याच दिशेने अजून एकदा, या वेळी डोक्यावरून फिरायची, आणि हात सरळ व्हायचा. आधी ती अडचणीतून काढलेली वाट होती, पुढे तिचा खेळ झाला. उंबरगावकडून येणारे गुजराती व्यापारी जेवण राहू देत आणि म्हणत, "देवूभाई, फरीथी!" तू पुन्हा करायचास.

मी शाळा सुटल्यावर सहा नंबरच्या टेबलावर बसून अभ्यास करायचे. हात धुवायच्या बेसिनला लागून असल्यामुळे तिथे कुणी गिऱ्हाईक बसत नसे, म्हणून खाणावळीच्या शेठने मला तिथे बसू दिलं होतं. कैनाडची जीप संध्याकाळी निघायची, तोवर मी तिथेच. माझ्या वह्यांवर नेहमी पाण्याचे शिंतोडे असायचे. तू मलाच 'सहा नंबर' म्हणायला लागलास. "सहा नंबरला भात देऊ का?" असं मोठ्याने विचारायचास आणि खाणावळीतली पोरं हसायची.

एकदा मी पाण्याची ताटली घेऊन तुझी नक्कल करायला गेले. एक फेरी झाली आणि मी आनंदाने थांबले. "झाली!"

"ताटली सरळ झाली," तू म्हणालास. "तुजा हात कुठं सरळ झाला? थांबू नको, अजून एक फेरा मार."

"पण ताटली आली ना जागेवर."

"गिऱ्हाइकाला ती सरळच दिसं. पिळा कुठं हाय तो ज्याच्या खांद्यात हाय त्यालाच ठावा."

अरे बाबा, मी काल वर्गात जे उणे चिन्ह समजावत होते ते हेच की! ते चिन्हही बाहेरून दिसत नाही. मोजमाप करताना आम्ही आकड्यांचा वर्ग करतो आणि उण्याचा वर्ग अधिकच येतो. एक फेरी मारलेला आणि एकही फेरी न मारलेला, दोघे बघायला सारखेच. फरक कळतो तो त्यांना एकत्र आणल्यावर. एका कणाला एकाच वेळी दोन वाटांनी जाऊ द्यायचं, एका वाटेवर त्याला फेरी द्यायची, दुसऱ्या वाटेवर नाही, आणि पुढे दोन्ही वाटा एकमेकींत मिसळायच्या. जिथे बेरीज व्हायची तिथे वजाबाकी होते. न्यूट्रॉनवर हे करून बघितलेलं आहे. ज्याने एकच फेरी मारली त्याचा पिळा शिल्लक होता, हे तेव्हा उघड होतं.

आता जे सांगायचंय त्यावर मी दोन वेळा चहा करून आले, इतकी टाळाटाळ.

एम.एस्सी.ला असताना सुट्टीत मी कैनाडला ओट्यावर बसून हाच पाठ मोठ्याने घोकत होते. एकदा फिरवलं तर उणे, दोनदा फिरवलं तर पुन्हा पहिल्यासारखं. तू वाल सोलत बसला होतास. ऐकता ऐकता थांबलास आणि म्हणालास, "मंग ती माजी थाळीच की गं. तुमच्या पुस्तकात हाय का ती?"

मी वर न बघता म्हटलं, "बाबा, ते वेगळं. तुझ्या थाळीत काही फिजिक्स नाही."

"बरं," तू म्हणालास आणि वाल सोलायला लागलास.

बरोबर तू होतास. तू गेल्यानंतर पाठाची तयारी करताना मी एक व्हिडिओ बघितला. कुठल्याशा देशातला एक प्रोफेसर हातावर कप ठेवून हेच करत होता आणि सांगत होता, की स्पिनची गाठ उलगडायला याहून सोपं काही नाही. थाळी एका फेरीत जागेवर येते, पण खांद्याशी जोडलेला हात दुसऱ्या फेरीशिवाय सुटत नाही. तोच नियम, तेच गणित. मी तो व्हिडिओ तीनदा लावला. त्याच्या कपातलं पाणी सांडलं होतं, तुझं कधी सांडलं नव्हतं. हे मी कुणाला सांगणार होते?

तुला राग आला होता का रे त्या दिवशी? यायला हवा होता. तू निदान एकदा तरी "पुन्हा बघ" म्हणायचं होतंस. पोरीला एवढं शिकवलंस आणि तिच्या शिकण्यापुढे स्वतः लगेच मागे सरकलास, ही मात्र तुझी चूक. माझी चूक त्याहून मोठी, हे कबूल आहे.

आणि कॉलेजातलं. मी नोकरीला लागले तेव्हा तू पिशवीभर चिकू घेऊन आलास, धुतलेला पांढरा शर्ट घालून. स्टाफरूममध्ये सगळे आपापल्या वडिलांबद्दल अहो-जाहो करून बोलणारे. मीही म्हटलं, "तुम्ही बसा ना इथे." तू मागे वळून बघितलंस, मी कुणाला बसायला सांगतेय ते. जन्मभर मी तुला अरे-तुरेच केलेलं, तुला दुसरं काय वाटणार?

कुणीतरी विचारलं, "काका, काय करता आपण?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "हॉटेल लाइनमध्ये आहेत." "अरे वा, स्वतःचं हॉटेल?" मी चिकूची पिशवी उघडायला लागले. तू माझ्याकडे बघितलंस, एकदाच, आणि हसून म्हणालास, "स्टेशनसमोर हाय. या कधी जेवायला."

माझं खोटं तू सांभाळून घेतलंस. पुन्हा कॉलेजला मात्र कधी आला नाहीस. मी बोलावलं की तुझ्या गुडघ्याला नेमकी तेव्हाच कळ लागायची. मलाही ते बरंच वाटायचं, आता लपवून काय उपयोग?

तर कालचं. मी ताटली फिरवली. पहिल्या फेरीला थांबून मुलांना माझं वर गेलेलं कोपर दाखवलं, "हे बघा उणे," म्हटलं, आणि दुसरी फेरी पुरी केली. पाणी सांडलं नाही. मागच्या बाकावरचा तो मुलगा स्वतःचाच हात पिळून बघत होता. मग पुढे बसणारी वनिता, तलासरीच्या पाड्यावरून येणारी, तिने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"एका व्हिडिओत बघितलं."

काही विचार न करता तोंडातून आलं. इतक्या वर्षांची सवय.

"व्हिडिओ बघून एवढं जमतं?" ती म्हणाली. मग सगळ्यांच्या देखत, अगदी सहज म्हणाली, "माझे बाबा हायवेच्या ढाब्यावर वाढपी आहेत. त्यांना आज दाखवते, त्यांना नक्की जमेल."

कुणी हसलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. माझ्या हातात ताटली होती, ती टेबलावर ठेवायचंही मला सुचेना. एकवीस वर्षांच्या पोरीने एका वाक्यात जे सांगून टाकलं, ते मला इतक्या वर्षांत, स्टाफरूममध्ये नाही, वर्गात नाही, कुठेच सांगता आलं नाही. घंटा झाली आणि मुलं गेली. मी या पाठाच्या, अजून वाटायच्या असलेल्या नोट्स उघडल्या. हातावरच्या ताटलीची आकृती मीच काढली होती, आणि तिच्याखाली मीच लिहिलं होतं: 'आधार: इंटरनेटवरील व्हिडिओ.'

आज दुपारी मी खाणावळीत गेले. दार आता रुंद केलंय, वाढपी ट्रे घेऊन फिरतात. सहा नंबर अजून बेसिनलाच लागून आहे आणि अजून तिथे कुणी बसत नाही. मी बसले. शेठ आता थकलेत, गल्ल्यावर मुलगा असतो. मी त्याच्याकडे एक थाळी मागितली, तुझ्या वेळची जुनी, सहा वाट्यांची, दोन दिवसांसाठी.

"मॅडम, घरी थाळी नाही?" तो म्हणाला.

"देवूची थाळी हवी आहे," मी म्हटलं. "मी देवूची मुलगी. कॉलेजात शिकवते ती."

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले, बाबा. आतल्या खुर्चीतून म्हातारे शेठ म्हणाले, "अरे, आ तो सहा नंबर!" आणि थाळी त्यांनी स्वतः फडक्याने पुसून दिली. मग म्हणाले, "एक वार बताव ने." मी नाही म्हटलं. मला ती फेरी आधी दुसरीकडे दाखवायची आहे.

थाळी आत्ता माझ्यासमोर आहे. तळाला ओरखडे आहेत, काठ एका जागी चेपलाय. वजन मला आठवत होतं त्याहून बरंच जास्त आहे. रोज दोनशे वेळा हे तू हातावर घेत होतास?

तुला एक शब्द देते. उद्या सोमवार, पहिलाच तास तिसऱ्या वर्षाचा. थाळीत सहाही वाट्या भरून नेणार आहे, वरणासकट. पहिली फेरी मारेन आणि कोपर वर असतानाच थांबेन. खांदा दुखेल, दुखू दे. तसंच उभं राहून सांगेन, की परवा मी खोटं बोलले. हे मी माझ्या बाबांकडून शिकले. ते स्टेशनसमोरच्या खाणावळीत वाढपी होते, आणि स्पिन म्हणजे काय ते माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं होतं, मीच त्यांना नाही म्हणाले. एवढं सांगून होईपर्यंत हात सोडवणार नाही. मग दुसरी फेरी. वरण सांडलं तर तुझ्याच नावावर.

नोट्सचं ते पान मी बदललंय. आकृती तीच ठेवली. खाली आता लिहिलंय: 'आधार: देवजी, वाढपी, डहाणू रोड.' उद्या तेच पान वाटणार आहे, आणि एक प्रत स्टाफरूमच्या फळ्यावर लावणार आहे.

तुझी,
सहा नंबर