तांदळात ठेवलेलं हाड

माय,

गेल्या महिन्यात मी एका बाईचं मांडीचं हाड तांदळात पुरून मशीनखाली ठेवलं. हसू नकोस. हाडाची घनता मोजायची तर भोवती मांस लागतं, आणि नुसत्या हाडाला त्या जागी तांदूळ चालतो. आपल्या घरी तो सणालाच शिजायचा, इथं डबा भरलेला असतो. बाई वडनेरकडच्या कोरड्या पडलेल्या विहिरीत सापडली होती. अंगावर ओळखीचं काहीच उरलं नव्हतं.

हाड फार विरळ निघालं. आमच्या न्यायवैद्यक विभागाच्या साहेबांनी घनतेवरून वय सांगणारा तक्ता पाहिला नि म्हणाले, "पासष्टच्या पुढची." बाहेर बाकावर एक तरुण शेतकरी बसलेला, त्याची हरवलेली आई पंचेचाळीसची. पासष्ट लिहिलं की त्याला परत पाठवणार आणि बाईला बेवारस म्हणून पुरणार, हे ठरलेलंच.

मला तू दिसायला लागलीस. बीटी कपाशी आली त्या वर्षांत बोंडं एकदम फुटायची. तू कमरेला ओटी बांधून दिवसभर वेचतेस, संध्याकाळी गाठोडं डोक्यावर. सहा बाळंतपणं, आणि आमची ताटं झाल्यावर उरेल ती भाकर. शेताच्या धुऱ्यावर पाय घसरून तुझा खुबा मोडला, तेव्हा डॉक्टरांनी फोटो पाहून विचारलं, "आजीबाईंचं वय सत्तर का?" तू कण्हता कण्हता फणकारलीस, "मी काऊन आजी? लेक बारावीत हाये माही!" त्या खाटेवरून तू उठलीच नाहीस.

म्हणून मी साहेबांशी भांडले. अर्धपोटी राहून लेकरं पोसणाऱ्या बायांची हाडं लवकर विरळ होतात, तुमचा तक्ता पोटभर जेवणाऱ्यांचा आहे, म्हटलं. ते चिडले. पण कमरेच्या हाडाचा सांधा, ज्याच्या झिजेवरूनही वय कळतं, तो त्यांनी पुन्हा पाहिला, आणि अहवालात "चाळीसच्या पुढची" एवढंच लिहिलं. मग त्या शेतकऱ्याचं रक्त तपासलं. डीएनए जुळला.

परवा तो न्यायला आला. गाठोडं छातीशी धरून म्हणाला, "मॅडम, भेटली माही माय. आता घरी घेऊन जातो तिले." घरी येऊन कुलूप उघडलं, सांगायला कुणी नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले. टाकणार कुठं, ते मलाही ठाऊक नाही.

तुझी राख आम्ही पूर्णेत सोडली, हाडाचा तुकडाही मागे ठेवला नाही. खरं सांगू, माय? मला त्या माणसाचा हेवा वाटला.