‘मुदखेडवाली’ या शब्दाची दुरुस्ती

मी, रामकिशन धोंडिबा बनसोडे, वय ७९, सेवानिवृत्त मराठी शिक्षक, मूळ गाव शिरूर अनंतपाळ, हल्ली राहणार नांदेड, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दडपण आणायला घरात दुसरं माणूसच नाही. पत्नी नागुबाई तीन वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून मी एका भाकरीचं पीठ मळतो आणि तीही उरते.

कलम १. चिठ्ठ्या. कुठल्या गावच्या माणसाला काय म्हणतात, याचा कोश मी सतरा वर्षं जमवला. लोह्याचा तो लोहेकर, उदगीरचा तो उदगीरकर. रेल्वेच्या फलाटांवर बसून लोकांना विचारत असे. ‘मास्तर, शिरगणती करून राहिले का?’ म्हणून लोक हसायचे. त्या चिठ्ठ्या बुटांच्या अकरा खोक्यांत आहेत. त्या कोशाचे संपादक रेणुकादास राजूरकर यांना द्याव्यात. आडनाव राजूरकर, पण जन्मात राजूर पाहिलेलं नाही!

यांच्यावर माझा जुना राग आहे, तोही याच कलमात निकालात काढतो. ‘वाला’, ‘वाली’ लागलेले सगळे शब्द त्यांनी गावंढळ म्हणून काढायला लावले. मी भांडलो, दोन महिने अबोला धरला. शेवटी एकच शब्द राहिला, तोही माझ्या बायकोसाठी मी हट्टानं ठेवलेला. आणि त्याचाच अर्थ मी चुकवला. छापून आलं, ‘मुदखेडवाली : मुदखेड येथे राहणारी स्त्री.’

मोठ्या तोऱ्यात नागूला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “अवो, कायतरीच! मुदखेडात मला कोन म्हणतंय मुदखेडवाली? तिथं म्या नागू हाय. तुमच्या शिरूरला आले अन् मुदखेडवाली झाले. जी तिथं राहत न्हाई, ती मुदखेडवाली.”

मी म्हणालो, “तुला व्याकरण कळत नाही.” चौथी शिकलेल्या बाईनं मास्तरला धडा दिला आणि मास्तरनं तो घेतला नाही. आज त्याची लाज वाटते.

कलम २. हे कलम मालमत्तेचं नाही, कबुलीचं आहे. सासरे गेल्यावर नागूच्या भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं. बहिणीनं वडिलांच्या घरावरचा हक्क सोडला, एवढंच त्यात होतं. नागूनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “कर सही. भावांशी वाकडं कशाला? माहेर तुटेल.” तिनं सही केली. दोन वर्षांत भावांनी घर विकलं.

पुढं एकदा म्हणाली, “चला, घर तरी बघून येऊ.” गेलो. दार परक्या बाईनं उघडलं. “कोन पाहिजे?” नागू म्हणाली, “कोनी न्हाई बाई, घर चुकलो.” त्यानंतर मुदखेडचं नाव तिनं कधी काढलं नाही. मयतीला शिरूरच्या बायका जमल्या, त्या मात्र “मुदखेडवाली गेली गं” म्हणूनच रडल्या. नागू म्हणून रडायला मी एकटाच होतो.

कलम ३. नांदेडचं हे दोन खोल्यांचं घर माझं स्वकष्टार्जित आहे. मुलगा आनंदराज पुण्याला असतो. फोनवर म्हणतो, “बाबा, विकून टाका, इकडं या. आपण आता पुणेकर.” म्हणू दे, सुखात आहे, मला आनंद आहे. मुलगी बुद्धप्रिया लातूरला दिली. तिथं सासूपासून भाजीवालीपर्यंत सगळे तिला नांदेडवाली म्हणतात. अख्खं लातूर जिला नांदेडवाली म्हणतं, तिला नांदेडात एक दार नको का? म्हणून हे घर, किल्लीसकट, एकट्या बुद्धप्रियाला.

आनंदराजला बाबासाहेबांची तसबीर, पुस्तकं आणि लोखंडी कपाट. पोरा, राग मानू नको. हे तुझ्यावर रुसून केलेलं नाही, तुझ्या आईचं देणं फेडतो आहे.

बुद्धप्रिया, बाई, उद्या कोणी कागद पुढं ठेवील आणि “भावाशी वाकडं कशाला” म्हणेल. सही करू नको. नवरा म्हणाला तरी करू नको. जमेल तेव्हा ये, कुलूप काढ, झाडून घे आणि चहा करून पी. तेवढ्यासाठीच घर आहे.

कलम ४. राजूरकर, दुसरी आवृत्ती कधी निघालीच तर ही दुरुस्ती करावी :

‘मुदखेडवाली : मुदखेड सोडून आलेली स्त्री. तिला परत जायला तिथं घर असावं.’

दुसरं वाक्य कोशात बसत नाही, हे मला कळतं. व्याकरण मी चाळीस वर्षं शिकवलं आहे. तरी छापा.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

लिहून ठेवणार : रामकिशन धोंडिबा बनसोडे (सही)
नांदेडात मला शिरूरवाले म्हणतात आणि शिरूरला नांदेडवाले.

साक्षीदार :
१. मन्मथ गुरुबसप्पा स्वामी, शेजारी (सही)
२. रेणुकादास राजूरकर (सही)
मजकूर वाचला. दुसरं वाक्य ठेवतो. रे. रा.

ठिकाण : नांदेड
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४