चार जोड नापास

आदरणीय हवालदारबाई यांना,

त्यांच्या हाताखालच्या शिपाईबाईचा कडक सॅल्यूट. (बसूनच ठोकला आहे. तुम्ही समोर असतात तर पत्रसुद्धा उभ्यानं लिहायला लावलं असतंत.) इकडे सर्व ठीक. तुमची तब्येत कशी आहे? सूनबाई मीठ कमी घालते म्हणून तुम्ही तिच्याशी अबोला धरल्याचं मागच्या पत्रात वाचलं. अहो, ती डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून कमी घालते, तेव्हा अबोला डॉक्टरांशी धरा. ते महिन्यातून एकदाच भेटतात, त्रास कमी होईल. माझं म्हणाल तर वरचे दात तीन उरले आहेत, पण तिघांत एकी आहे, त्यामुळे चाललंय.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा बुटांचा आहे. माझी नात तुम्हाला आठवत असेल. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात पाच वर्षांची ती तुमची टोपी घालून साहेबांच्या भाषणात मधेच 'सावधान' म्हणाली होती. (साहेब झालेही होते सावधान.) तिची आई परगावच्या दवाखान्यात नर्स, म्हणून पोर माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. ती आता सैन्यात निवडली गेली आहे. एक तारखेला ट्रेनिंग सेंटरमध्ये हजर व्हायचंय. सोबत काय आणायचं त्याची यादी आली, त्यात चादरी दोन, कुलूप एक, आणि शेवटी 'काळे, घोट्यावरचे, आरामदायी व टिकाऊ बूट, एक जोड, पायात रुळलेले.' हा शेवटचा शब्द ज्या कारकुनानं लिहिला त्याचं भलं होवो. नवे कोरे बूट घालून जी जाते ती तिसऱ्या दिवशी लंगडते, आणि पहिल्या महिन्यात जी लंगडते तिला घरी पाठवतात, असा तिथला नियम आहे. म्हणजे बूट चुकले की पोरीचं सैन्य संपलं. यादी आली तेव्हा हातात वीस दिवस होते. आता चार आहेत. मधले सोळा दिवस कुठे गेले, ते सांगायलाच हा कागद घेतलाय.

पण त्याआधी आपले बूट आठवले, ते सांगितल्याशिवाय पेन पुढे सरकेना. तुरुंगाच्या महिला विभागात मी भरती झाले तेव्हा बायकांनाही पाय असतात ही बातमी अजून स्टोअरपर्यंत पोचली नव्हती. सगळ्यात लहान बूट पुरुषांचा आठ नंबर, आणि माझा पाय पाच. स्टोअरकीपर म्हणाला, पाय वाढतील. मी सव्वीस वर्षांची होते! पहिल्या परेडला 'दाहिने मुड' झालं, मी मुडले, बूट होते तिथेच राहिले. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. (त्या दिवशी स्टोअरच्या भिंतीमागे जाऊन पोट धरून हसलात, हे तुम्ही अठरा वर्षांनी कबूल केलंत. मी अजून रागावलेली आहे.) मग तुम्ही मला बाजूला घेतलंत, पंज्यात कापूस कोंबलात, दोन मोजे चढवायला लावलेत आणि तो जालीम उपाय सांगितलात. बुटात कोमट पाणी काठोकाठ भरायचं, तासानं ओतायचं, ओलेच पायात घालायचे आणि पायातच वाळेपर्यंत ड्यूटी करायची. दोन दिवस मी गेटपासून बराकीपर्यंत ओली पावलं उमटवत फिरले आणि फरशी पुसायचं काम लागलेली कैदीण माझ्यामागून फडकं घेऊन पुटपुटत फिरली. पण चामडं पायाला असं बसलं की तळ तीनदा बदलला तरी बूट नऊ वर्षं टिकले. पहिल्या आठवड्यात रोज दुपारी तुम्ही तपासणीच्या नावाखाली यायचात आणि दमात घेऊन म्हणायचात, बूट काढ, टाच दाखव. हवालदारबाई, आईनंसुद्धा माझे पाय इतके निरखून पाहिले नव्हते. हे तेव्हा सांगायचं राहिलं, आता सांगते.

असो. एवढी विद्या गाठीशी असल्यावर दुकानात माझा रुबाब काय असेल ते तुम्ही ताडलंच असेल. दुकानदार भला माणूस. नातीनं पहिलाच जोड घातला आणि तिचा चेहरा उजळला. बोटं मोकळी हलत होती, टाच उचलत नव्हती, घोटा झाकला होता. मी बूट हातात घेतला तर तो हलका! जो हातात जड लागत नाही तो पायाचं रक्षण काय करणार? नापास. दुसऱ्या दिवशी दुसरा जोड. त्याच्या तळाला वास येत होता. तिसऱ्याला बाजूनं चेन होती. चेन शाळेच्या दप्तराला असते, बुटाला नाडीच हवी, असं मी दुकानभर ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले. चौथ्यात काहीच खोट सापडेना, तेव्हा मी तुमची उभी परीक्षा घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी जायचं (दिवसभरानं पाय सुजतो, खरं माप तेव्हाच कळतं), बूट घालायचे आणि न हलता तासभर उभं राहायचं. नात उभी राहिली. ती एकटी उभी राहिलेली मला बघवेना, म्हणून दाराच्या दुसऱ्या बाजूला मीही उभी राहिले. सवय हो, अंग आपोआप ताठ झालं. पंधरा मिनिटांत एका गिऱ्हाइकानं पिशवी माझ्याकडे सांभाळायला दिली. दुसऱ्या बाईनं न विचारताच आपली पर्स उघडून दाखवली. मी तपासली. (हात राहत नाही.) दोघीतिघी दारातूनच परत फिरल्या, आत काहीतरी चोरीबिरी झाली असावी असं समजून. तास संपल्यावर दुकानदारानं हात जोडून विचारलं की आजी, चौथ्याचं काय? मी म्हटलं, टाच चावते. नात म्हणाली चावत नाही. मी म्हटलं, चावेल.

असे दहा दिवस गेल्यावर नातीनं मला न विचारता तो पहिला, हलका जोड विकत आणला. मी म्हटलं ठीक, मग रीतसर रुळवू या. ती कागदपत्रं काढायला बाहेर गेली असताना मी कोमट पाणी केलं आणि दोन्ही बूट काठोकाठ भरले. आता हे बूट नव्या तऱ्हेचे, बाहेरचं पाणी आत येऊ न देणारे. जे बाहेरचं आत येऊ देत नाही ते आतलं बाहेर तरी कसं जाऊ देईल? ओतलं तरी आतलं अस्तर पाणी पिऊन बसलेलं. पोरगी गुणाची, माझा मान राखून तीन दिवस ते घालून घरात फिरली. प्रत्येक पावलाला पचक, पचक. खालच्या मजल्यावरचे मास्तर नळ फुटलाय का विचारायला दोनदा वर आले. शेवटी दुकानदाराकडे नेले. त्यानं बूट उलटा केला, त्याच्या काउंटरवर चमचाभर पाणी सांडलं, आणि तो फडकं शोधू लागला.

घरी आल्यावर मी म्हटलं, आता दुसऱ्या बाजारात जाऊन बघू. नात उंबऱ्यावर बसून नाडी सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, तुला मी जायला नकोय का?"

मी म्हटलं, "तळ पातळ आहे."

ती उठून आत गेली. हवालदारबाई, तळ पातळ नाही. चांगला बोटभर जाड आहे.

सर्वांना यथायोग्य सांगावे. सूनबाईशी बोलावे.

तुमची आज्ञाधारक,
शिपाईबाई

ता. क. 'आत पाणी घालू नये' असं बुटाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, आणि नातीनं ते आदल्या दिवशी मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मला ऐकू चांगलं येतं. वाटलं, बूट बिघडले तर तारीख टळेल, तारीख टळली तर पोर घरात राहील. अशी मी! तुरुंगात एवढी वर्षं नोकरी केली, पण कुणाला अडकवून ठेवावं असं मनापासून पहिल्यांदाच वाटलं. ते तिला सांगून टाकलंय. ती आधी चिडली, मग माझ्या गळ्यात पडली.

ता. क. दुसरा. बूट वाळले. पंखा, वर्तमानपत्रं आणि तिची चिकाटी. दोन दिवस सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारतेय, टाचेवर ओरखडासुद्धा नाही. दुकानदाराला कळवलं, त्यालाही बरं वाटलं.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. ते ट्रेनिंग सेंटर तुमच्याच गावात आहे. रविवारी दोन ते चार भेटायला सोडतात. दर रविवारी तुम्ही जा. तिला बूट काढायला लावा आणि टाच, करंगळी, नखांच्या कडा नीट बघा. लाजेल, तेव्हा हुकूम सोडा, तुमचा तो आवाज अजून असेलच. मग मला एका ओळीत कळवा, पाय चांगले आहेत म्हणून. फोड आले असले तर मात्र कळवू नका. मी पहिल्या गाडीनं येईन, तिला घेऊन जाईन, आणि ती मला जन्मात माफ करणार नाही. तेव्हा फोड आले तरी पाय चांगले आहेत असंच लिहा. मी विश्वास ठेवीन.