एकाहत्तर सुधारले

४ नोव्हेंबर २००४

आज विंचूर. एका खेपेत तीन घरं उरकली, कंबरेचा काटा ढिला झाला. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातून वर्षापूर्वी घरी गेलेले एकशे बारा जण—दारू सुटली का, एवढंच विचारायचं. हो किंवा नाही. तिसरा रकाना नाही.

तिसरं घर गोरक्षचं. तो घरी नव्हताच. त्याची आई ओट्यावर, बायको कुसाबाई दाराआड. म्हातारीनेच सगळं सांगितलं—पोरगं सोन्यासारखं झालंय, वाससुद्धा घेत नाही. बायकोला विचारलं, तिने पदर सावरत मान हलवली. मी चहा घेतला, 'हो'वर खूण केली आणि निघाले.

२६ नोव्हेंबर

एकाहत्तर हो! केंद्र चालवणारे सर खूश. एवढे सुधारले म्हणजे पुढच्या तीन वर्षांचं अनुदान नक्की. रिपोर्ट मुंबईला रवाना झाला. पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

१३ डिसेंबर

कुसाबाई एकटीच नाशिक रोडला केंद्रात आली, दोन गाड्या बदलून. मनगट सुजलेलं. गोरक्ष घरी आल्यावर दीड महिन्यातच परत प्यायला लागला म्हणे, आणि आता फार मारतो. मी चिडलेच—मग त्या दिवशी मान का हलवलीत?

"सासूम्होरं कसं सांगू, ताई? तुमी निघून जाता. मला तिथंच ऱ्हायचं हाय."

बारा वर्षं झाली या कामाला, आणि एवढी अक्कल नाही मला! नवरा पितो हे सून सासूसमोर बोलेल का?

तिचं मागणं एकच—त्याला परत भरती करा. फिरून प्यायला लागलेल्याला आमच्याकडे फुकट खाट मिळते, पण फॉर्मवर 'नाही' असेल तरच. गोरक्षच्या फॉर्मवर 'हो' आहे. अक्षर माझं.

१४ डिसेंबर

सरांना म्हटलं, फॉर्म बदलू द्या. म्हणाले, जानेवारीअखेर अनुदानवाल्यांची पाहणी आहे, ती होऊन जाऊ दे. आणि एक बदललात तर बाकीच्या सत्तर जणांचं काय?

खरंच, त्यांचं काय?

२९ डिसेंबर

रजा टाकून 'हो'वाली नऊ घरं पुन्हा केली. घरात गेलेच नाही. बायकांना बाहेर गाठलं—कांद्याच्या खळ्यावर, पाणी भरताना. नऊपैकी सहा जण पितात. एकीने विचारलं, आधी एकटीला का नाही विचारलंत? मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा नावं सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये सरकवली.

११ जानेवारी २००५

कुसाबाईचा दुकानातून फोन. खाट मिळाली का? म्हटलं, अजून पंधरा दिवस काढा.

"काढते," म्हणाली.

काय तोंडाने सांगितलं मी हे! आणि सांगून डबा उघडून जेवायला बसले.

२७ जानेवारी

पाहणी झाली. अनुदान मंजूर. सर म्हणाले, आता तुमच्या विंचूरवाल्याला बोलवा. दुकानात निरोप ठेवला.

३१ जानेवारी

गोरक्षला घेऊन त्याची आई आली. त्याचं डोकं भादरलेलं. कुसाबाई पंधरवड्यापूर्वी गेली. विहिरीवर पाय घसरला, म्हातारी म्हणाली, आता याला कोण सांभाळणार. सरांनी लगेच खाट दिली.

भरतीचा फॉर्म माझ्याकडे. म्हातारीला बाहेर बाकावर बसवलं आणि त्याला एकट्याला विचारलं.

"पाय नाय घसरला, ताई. मीच लोटली."

सर दारात उभे होते. हे लिहू नका, म्हणाले.

लिहिलं.